दाणावैरणीचे युद्ध : बंगळूर, १७९१

युद्धाचे खेळ खेळणारी मंडळी आता बुद्धिबळाच्या पटापाशी थांबत नाहीत. संगणकाच्या पडद्यावर अख्ख्या खंडाचा नकाशा उघडतो आणि खेळणारा एका राज्याचा धनी होतो. कर, कर्ज, तह, सोयरिकी, फौजा असे सगळेच त्याच्या हाती येते. अशा खेळात नवखा माणूस बहुधा लढाईत हरत नाही, रसदीत हरतो. ‘युरोपा युनिव्हर्सालिस’मध्ये प्रत्येक प्रांत किती सैन्य पोसू शकेल याचा एक आकडा दिलेला असतो. त्याहून मोठी फौज तिथे उभी केली की शत्रू समोर नसतानाही ती महिन्यागणिक झिजू लागते. दुसऱ्या महायुद्धावरच्या ‘हार्ट्स ऑफ आयर्न’मध्ये रसदीची ठाणी, रेल्वेमार्ग आणि मालमोटारी मोजाव्या लागतात. रस्ता तुटला की पुढचे रणगाडे जागीच उभे राहतात.

या खेळांचे चाहते त्यांच्यावर लट्टू असतात ते बरेचसे या हिशेबामुळेच, आणि ते योग्यही आहे. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांनी लढायांच्या तारखा पाठ करून घेतल्या, पण लढाईच्या दिवशी सकाळी सैनिकाने काय खाल्ले हे सांगितले नाही. खेळाने निदान तो प्रश्न पटावर मांडला. मात्र खेळात हा आकडा तयारच मिळतो. प्रांताच्या अंगावर तो कोणी लिहिला, कोणाच्या कोठारातून काढून लिहिला, हे खेळणाऱ्याला विचारावे लागत नाही. इतिहासात तो आकडा म्हणजे गवत, बैल, बैल हाकणारा माणूस आणि ज्याच्या शेतातून दाणा उचलला तो रयत. हे नीट पाहायचे तर बंगळूरसारखी जागा नाही. १७९१ साली चार सत्तांच्या फौजा या शहराच्या आसपास फिरत होत्या आणि त्या प्रत्येकीचे पोट वेगळ्या रीतीने भरत होते.

तिसऱ्या म्हैसूर युद्धाची हकीकत मराठी वाचकाला ढोबळ माहीत असते. १७८९च्या डिसेंबरात टिपू सुलतानाने त्रावणकोरच्या तटबंदीवर हल्ला केला. १७९०च्या जूनमध्ये पुण्यात इंग्रज आणि पेशवे यांचा तह झाला, जुलैत निजामही त्यात आला, आणि टिपूविरुद्ध त्रिवर्ग उभा राहिला. पहिल्या वर्षीची इंग्रजी मोहीम फसली, तेव्हा गव्हर्नर जनरल लॉर्ड कॉर्नवॉलिस स्वतः मद्रासेला उतरला. तोवर परशुरामभाऊ पटवर्धन धारवाडच्या किल्ल्याला वेढा घालून बसले होते. तो वेढा सहा महिन्यांहून अधिक चालला आणि एप्रिल १७९१मध्ये किल्ला हाती आला. हरिपंत फडके पुण्याहून दुसरी फौज घेऊन दक्षिणेकडे निघाले होते.

कॉर्नवॉलिसने मुगळीच्या घाटाने वर येऊन कोलार, होसकोटे या मार्गाने ५ मार्च १७९१ रोजी बंगळूर गाठले. श्रीरंगपट्टणच्या आधी बंगळूर का, याचे उत्तर गावाच्या रचनेतच आहे. केंपेगौडाने १५३७च्या सुमारास वसवलेले हे गाव म्हणजे पेठांचे गाव. अक्कीपेटे तांदळाची, रागीपेटे नाचणीची, अरळेपेटे कापसाची, बळेपेटे बांगड्यांची. विजापूरकरांनी १६३८मध्ये हा मुलूख घेतल्यावर शहाजीराजांना तो जहागिरीत मिळाला आणि त्यांचे ठाणे इथे पडले, तेही या पेठांच्या जोरावरच. कर्नाटकाच्या सपाटीवरून वर येणारे आणि घाटमाथ्यावरून पश्चिमेकडे जाणारे व्यापाराचे रस्ते इथे एकमेकांना भेटत. श्रीरंगपट्टणवर चालून जाणाऱ्या फौजेला मद्रासेपासून पाठीशी एक कोठार हवे होते, आणि ते बंगळूर होते.

७ मार्चला पेठ पडली, २१ मार्चच्या रात्री किल्ला. किल्लेदार बहादूरखान लढता लढता मारला गेला. कृष्णराजेंद्र मार्केटसमोर आज किल्ल्याचा उरलेला तुकडा आहे, आणि जिथून तट फोडला ती जागा दाखवणारा संगमरवरी दगडही जवळच आहे. शहराला भाजी, फुले आणि किराणा पुरवणाऱ्या बाजाराच्या गर्दीत तो दगड सहसा कोणी वाचत नाही.

जिंकणारी फौज मात्र आतून पोखरलेली होती. टिपूने भोवतालची वैरण जाळली होती आणि त्याचे हलके घोडदळ कहीवर गेलेल्या लोकांना गाठून कापत होते. ‘कही’ हा मराठी लष्करातला जुना शब्द. गवत, लाकूडफाटा आणि दाणा आणायला छावणीबाहेर पडणारी टोळी, ती कही. कही रोज परत आली तर छावणी जगते. इंग्रजांच्या कहीला मैलभर जाणेही अवघड झाले होते आणि त्यांचे बैल दावणीलाच मरत होते.

इथे थोडा हिशेब करून पाहू. हा हिशेब कोणाच्या दप्तरातला नाही, केवळ मापाचा अंदाज यावा म्हणून आहे. पाठाळ बैल पाठीवर सुमारे शंभर किलो धान्य घेऊन चालतो असे धरू, आणि माणसाला दिवसाला किलोभर धान्य लागते असे धरू. म्हणजे एका बैलाच्या पाठीवर शंभर माणसांचा एक दिवस आहे. वीस हजार लढणारे असतील तर त्या काळच्या रीतीने त्यांच्यामागे तीन-चार पट न लढणारी माणसे असत. मोतद्दार, पखालवाले, गवतकापे, डोलीवाले, आचारी, बायकामुले, व्यापारी. मराठी बखरींतले बुणगे ते हेच. एकूण लाख माणसे धरली तर रोज हजार बैलांच्या गोण्या रिकाम्या होतात, वीस दिवसांच्या मोहिमेला वीस हजार बैल लागतात. त्या बैलांना रोज आठ-दहा किलो वैरण हवी, आणि ती बैलाच्याच पाठीवर लादली तर बारा दिवसांत बैल स्वतःच स्वतःचे ओझे खाऊन टाकतो. म्हणून वैरण वाटेतच मिळाली पाहिजे. घोड्याची चंदी निराळी. तट फोडणारी मोठी तोफ ओढायला चाळीस-पन्नास बैल लागत आणि चढावर मागून हत्तीने रेटावे लागे. हे सगळे पाहिले की टिपूच्या सेनापतींनी गवताच्या गंजींना लावलेली आग हे त्या युद्धातले मोठे हत्यार होते, हे लक्षात येते.

एकाच मुलुखात वावरणाऱ्या या फौजांनी रसदीचा प्रश्न वेगवेगळ्या रीतीने सोडवला होता. कंपनीची रीत कंत्राटाची. कंत्राटदार भाड्याने बैल आणी. बैल मेला तर नुकसान त्याचे, म्हणून चांगला बैल तो देत नसे. सरकारी धान्य सरकारी गोदामातून निघे आणि सरकारी ओझ्याने पुढे जाई. हिशेब कागदावर चोख असे, पण त्यातला प्रत्येक दाणा मागून यावा लागे.

म्हैसूरची रीत राज्याने बैल जोपासण्याची. चिक्कदेवराज वोडेयर यांच्या काळापासून दरबाराचे दुभत्याचे खाते होते, ‘बेण्णे चावडी’, म्हणजे लोण्याची चावडी. हैदरअलीने त्यातल्या जनावरांना तोफा आणि सामान ओढायला लावले आणि कळप वाढवले. टिपूने या खात्याला ‘अमृतमहाल’ असे नाव दिले आणि जनावरांच्या निगेचे कडक नियम लिहून काढले. वर्षाच्या कोणत्या ऋतूत कोणत्या कुरणात कळप न्यायचा हे ठरलेले असे. या राखीव कुरणांना कानडीत ‘कावल’ म्हणतात. अमृतमहालचा बैल उंच, हलक्या अंगाचा, लांब मागे वळलेल्या शिंगांचा. तो सैन्याच्या चालीने चालतो. टिपूची फौज शत्रूच्या हातून वारंवार निसटून जाई, यामागे हे कावल होते.

मराठ्यांची रीत बाजाराची. मराठी छावणी म्हणजे चालता गाव. सरदाराचा डेरा कुठे पडणार याची खूण करणारे निशाण पुढे जाई आणि त्याच्या अंदाजाने प्रत्येक बाजाराची जागा ठरे. १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर हिंडलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने हे बारकाईने टिपले आहे. मुक्काम बदलला तरी छावणीतली पेठ आपल्या ठरलेल्या दिशेला उभी राही, आणि नव्या जागी पहिल्या संध्याकाळीही माणसाला आपला वाणी सापडे. शिलेदार आपला दाणा आपल्या पैशाने घेई. सरकार त्याला पोसत नसे, पगार देई किंवा देण्याचे राही. दाणा आणण्याचे काम व्यापारी आणि बंजारे करीत. लमाण, लंबाणी, बंजारा अशी प्रांतोप्रांती नावे असलेल्या या लोकांचे हजारो बैलांचे तांडे नायकाच्या हुकमात चालत. ज्याच्या छावणीत भाव चांगला तिकडे तांडा वळे, आणि सगळ्यांनाच त्यांची गरज असल्याने त्यांना लुटायचे नाही हे बहुतेक सगळे पाळत. ‘तांडा’ आणि ‘गोणी’ हे शब्द मराठी, कानडी, तेलुगू या तिन्ही भाषांत आहेत. इंग्रजीतला ‘गनी’ गोणीपासूनच गेला.

मेच्या पहिल्या आठवड्यात कॉर्नवॉलिस बंगळुराहून श्रीरंगपट्टणकडे निघाला. चन्नपट्टणचा सरळ रस्ता टिपूने उजाड केला होता, म्हणून तो कनकपूरच्या डोंगराळ वाटेने गेला. ती वाटही मोकळी मिळाली नाही. बरोबर निजामाचे सुमारे दहा हजार स्वार होते. त्यांचा लढाईत उपयोग थोडा आणि वैरणीवर भार मोठा, अशी इंग्रज अधिकाऱ्यांची तक्रार होती. त्या वर्षी पाऊस लवकर आला आणि कावेरीला पूर येऊ लागला. १५ मे रोजी अराकेरेजवळ लढाई झाली आणि ती कॉर्नवॉलिसने जिंकली. टिपू श्रीरंगपट्टणच्या तटाआड गेला.

युद्धाच्या खेळात इथे विजयाचा कर्णा वाजला असता. प्रत्यक्षात त्या विजयानंतर आठवडाभरात, २२ मे रोजी, कॉर्नवॉलिसने आपल्या वेढ्याच्या मोठ्या तोफा स्वतःच निकामी केल्या आणि जड सामान नष्ट केले, कारण ते ओढायला बैल उरले नव्हते. काही तोफा तर इथवर माणसांनीच ओढत आणल्या होत्या. मलबारकडून घाट चढून आलेल्या अबरक्रॉम्बीलाही परत फिरायचा हुकूम गेला. छावणीत देवीची साथ होती, धान्य संपत आले होते, आणि मेलेल्या जनावरांची दुर्गंधी सुटली होती. २६ मे रोजी फौज माघारी वळली.

त्याच दिवशी मेलुकोट्याच्या बाजूला दूरवर घोडेस्वार दिसले. इंग्रजी पिछाडीला ते टिपूचे वाटले आणि तिने लढाईची तयारी केली. ते मराठे निघाले. हरिपंत आणि परशुरामभाऊ यांच्या फौजांची ती बिनी होती. दोघे सेनापती जवळ आले आहेत याची कॉर्नवॉलिसला गंधवार्ता नव्हती, कारण मराठ्यांनी धाडलेले हरकारे टिपूच्या स्वारांनी वाटेतच पकडले होते. बातमी चार दिवस आधी पोचली असती तर त्या तोफा निकामी कराव्या लागल्या नसत्या. बातमी हीसुद्धा रसदच असते.

त्यानंतर जे घडले त्याचे वर्णन म्हैसूरचा इतिहास लिहिणाऱ्या मार्क विल्क्सने केले आहे. उपाशी इंग्रजी फौजेसमोर मराठ्यांच्या छावणीतला बाजार उघडला. धान्य, बैल, मेंढरे, कोंबड्या तर होत्याच. शिवाय तिथे विलायती बनात होती, काश्मिरी शाली होत्या, सोनार होते, जवाहिऱ्यांचे दागिने होते. मेजवानीचे सामान मिळावे तसे सगळे काही, फक्त भाव डोळे पांढरे करणारे. आठवड्यापूर्वी त्याच मुलुखात उपासमार होती, आणि त्याच मुलुखातून आलेली ही दुसरी फौज अंगावर बाजार घेऊन उभी होती.

मराठी मनाला हा प्रसंग सुखावतो. ज्यांनी पुढे आपले राज्य घेतले त्यांना एके काळी आपल्या बाजाराने जगवले, असे म्हणायची सोय त्यात आहे, आणि ते खरेही आहे. पण या बाजारात दाणा येत होता कुठून, हे विचारल्याशिवाय हा अभिमान अर्धवट राहतो.

त्यातला बराच दाणा बंजाऱ्यांनी दूरच्या मुलुखातून विकत घेऊन आणला होता. व्यापार मोकळा ठेवला, भाव पाडले नाहीत, वाटा राखल्या, म्हणून तांडे आले. हा मराठी रीतीचा खरा गुण. दुसरी बाजू अशी की ही रीत पैशावर चालते आणि सरदारांच्या खजिन्यात पैसा नसे. भेट होताच मराठी सेनापतींनी कॉर्नवॉलिसकडे मोठ्या कर्जाची मागणी केली, आणि ती पुरी करण्यासाठी त्याला मद्रासच्या बंदरात चीनच्या व्यापारासाठी निघालेली चांदी वळवून घ्यावी लागली. पगार थकला की स्वार आपली सोय आपण करतो. त्याची सोय म्हणजे रयतेचे पेव. आणि फौजेच्या कडेकडेने पेंढारी चालत. त्यांना पगारच नसे, लूट हीच त्यांची नेमणूक.

१७९१ सालीच परशुरामभाऊंच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. माणसे मारली गेली, शारदेची मूर्ती जागेवरून हलवली गेली. मठाच्या स्वामींनी दाद मागितली ती टिपू सुलतानाकडे, आणि त्याने पुनःप्रतिष्ठेसाठी रोख रक्कम आणि धान्य देण्याचा हुकूम काढला. स्वामींना त्याने लिहिलेली कानडी पत्रे १९१६ साली म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याचे रा. नरसिंहाचार यांना मठात सापडली. या घटनेवर वाद पुष्कळ झाले, आणि ते बहुतेक धर्माच्या अंगाने झाले. रसदीच्या अंगाने पाहिले तर ती एका पद्धतीची परिणती दिसते. फौजेच्या कडेला बिनपगारी लुटारू बाळगले की कोणाचे कोठार लुटायचे आणि कोणाचे नाही, हे सेनापतीच्या हातात राहत नाही.

याच बाबतीत मराठी राज्याजवळ जुनी शिकवण होती. शिवाजी महाराजांनी १६७०च्या दशकात चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळाभर पुरेल इतका दाणा आणि वैरण जमवली आहे, ती आताच उधळलीत तर पुढे घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरी जाऊन दाणा, भाकरी, गवत, भाजी ओढून आणाल, आणि लोक म्हणतील की यांच्यापेक्षा मोगल बरे, असा त्याचा आशय. रात्री दिव्याची वात उंदराने ओढून नेली तर वैरणीच्या गंजी पेटतील, इथवरची काळजी त्यात आहे. फौजेचे पोट आणि रयतेचा विश्वास ही एकाच हिशेबाची दोन पाने आहेत, हे त्या पत्राला कळले होते. शंभरावर वर्षांनी फौजा कित्येक पटींनी वाढल्या, मोहिमा सहाशे-सहाशे मैलांच्या झाल्या, आणि हिशेबाचे दुसरे पान कोरे राहू लागले.

बाजारी रीतीचा आणखी एक धोका पानिपताने आधीच दाखवला होता. बाजार वाहता असतो तोवर जगतो. सदाशिवरावभाऊंची छावणी १७६०च्या ऑक्टोबरअखेरीस पानिपतावर अडकली. डिसेंबरात अब्दालीची रसद तोडायला निघालेले गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि वाटा बंद झाल्या. मग तोच चालता गाव, तीच लाखो न लढणारी माणसे, लढणाऱ्यांच्या तोंडचा घास खाऊ लागली. १४ जानेवारी १७६१ला फौज बाहेर पडली ती बरीचशी भुकेने.

मेलुकोट्याहून सगळ्या फौजा संथपणे बंगळूरकडे आल्या आणि जुलैत कॉर्नवॉलिस शहरात पोचला. पुढच्या सहा महिन्यांत त्याने एकही मोठी मैदानी लढाई केली नाही. त्याने रस्ता बांधला, दगडाचा नव्हे, किल्ल्यांचा. होसूर आणि रायकोट्टै घेऊन बारामहालातून कर्नाटकाकडे जाणारा घाट मोकळा केला. ऑक्टोबरात नंदीदुर्ग, डिसेंबरात सावनदुर्ग घेतला. बंगळूरची रसद जिथे जिथे तोडता आली असती तो प्रत्येक डोंगर त्याने आधी ताब्यात आणला. आजचा बंगळूरकर शनिवार-रविवारी ज्या डोंगरांवर चढायला जातो, त्यांतले दोन याच हिशेबात पडले. आणि त्याच वेळी कॅप्टन अलेक्झांडर रीड बंजाऱ्यांच्या नायकांशी बोलणी करून त्यांचे तांडे इंग्रजी छावणीकडे वळवत होता. सरकारी गोदामावर भिस्त ठेवणाऱ्या फौजेने मराठ्यांचा बाजार पाहिला आणि त्यातले घेण्याजोगे ते उचलले.

मराठी बाजूने काय झाले? परशुरामभाऊ इंग्रजांबरोबर थांबण्याऐवजी पश्चिमेला, शिमोगा आणि बिदनूरच्या दिशेने गेले. तिकडचा मुलूख अजून खाल्ला गेला नव्हता, हे एक कारण. चालत्या बाजाराला ताजा मुलूख लागतो. कॅप्टन लिटलच्या इंग्रजी पलटणी त्यांच्याबरोबर होत्या. त्यांतला एडवर्ड मूर नावाचा तरुण अधिकारी जखमी झाला आणि त्याने १७९४ साली या मोहिमेवर पुस्तक लिहिले. हाच मूर पुढे ‘हिंदू पँथिऑन’चा कर्ता म्हणून ओळखला गेला. मराठी बाजूची पत्रे वासुदेवशास्त्री खऱ्यांनी मिरजेच्या पटवर्धनी दप्तरातून काढून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त छापली. ही दोन साधने शेजारी ठेवून वाचली तर एकच छावणी दोन भाषांत कशी दिसते हे कळते.

फेब्रुवारी १७९२मध्ये कॉर्नवॉलिस पुन्हा श्रीरंगपट्टणपुढे उभा राहिला तेव्हा त्याच्या पाठीमागे बंगळूर होते, घाट मोकळे होते आणि तांडे चालू होते. ६ तारखेच्या रात्रीचा हल्ला यशस्वी झाला आणि महिना संपण्याआधी टिपूने तहाच्या अटी मान्य केल्या. अर्धे राज्य, तीन कोटी तीस लाख रुपये आणि ओलीस म्हणून दोन मुलगे. पेशव्यांना तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख मिळाला. पुण्यात समाधान झाले.

या युद्धातला धडा खरा कोणी गिरवला, ते अकरा वर्षांनी कळले. १७९९मध्ये श्रीरंगपट्टण पडले, टिपू मारला गेला आणि अमृतमहालाची जनावरे कंपनीच्या कह्यात आली. श्रीरंगपट्टणचा अधिकारी नेमला गेला आर्थर वेलस्ली. टिपूचा जुना कारभारी पूर्णय्या म्हैसूरचा दिवाण झाला. धोंडजी वाघाच्या पाठलागात, आणि पुढे १८०३च्या मोहिमेत, वेलस्लीला धान्य आणि बैल पुरवण्यात या दिवाणाचा मोठा वाटा होता. मार्च १८०३मध्ये वेलस्ली हरिहराहून निघाला आणि एप्रिलच्या २० तारखेला पुण्यात पोचला. वाटेत गावे लुटायची नाहीत आणि घेतलेल्या मालाचे पैसे द्यायचे, असा त्याचा सक्त हुकूम होता. बैलांच्या निगेवर तो पत्रांमागून पत्रे लिहीत असे. पटवर्धन सरदार आणि बापू गोखले त्या कुचात त्याच्याबरोबर होते.

ऑगस्टमध्ये त्याने नगरचा किल्ला घेतला आणि तिथे आपले कोठार केले. २३ सप्टेंबरला असई, नोव्हेंबरात अडगाव, डिसेंबरात गाविलगड. शिंदे आणि भोसले यांच्या फौजांचा भरवसा वेगावर होता. जड तोफा आणि कंत्राटी बैल घेऊन येणारी इंग्रजी फौज आपल्याला गाठू शकणार नाही, हा पन्नास वर्षांचा अनुभव होता. या वेळी तोफा ओढायला म्हैसूरच्या कावलांवर वाढलेले बैल होते आणि धान्य बंजाऱ्यांचे होते. टिपूचा बैल आणि मराठ्यांचा बाजार, दोन्ही एका फौजेत आले होते. शिवाय त्या फौजेचा पगार वेळेवर होत होता, आणि गावकऱ्याला दाण्याचे पैसे मिळत होते. म्हणजे चिपळूणच्या पत्रातली ताकीद दख्खनमध्ये परक्या सेनापतीने पाळली. त्यात दया थोडी आणि हिशेब फार होता. लुटलेल्या गावातून फौजेला एकदाच दाणा मिळतो, पैसे दिलेल्या गावातून परतीच्या वाटेवरही मिळतो. त्याच वर्षी यशवंतराव होळकर आणि पेंढारी यांच्या फौजा फिरून गेलेल्या नगर-खानदेशच्या मुलुखात, पाऊस रुसल्यावर, भयंकर दुष्काळ पडला.

मराठी राज्य बुडण्याची कारणे सांगताना आपण फूट, दुसरा बाजीराव, कवायती पलटणी यांच्यापाशी थांबतो. तोफा तर शिंद्यांजवळही चांगल्या होत्या, असईला त्यांनी इंग्रजांची फळी चाळणीसारखी केली. बाजार सांभाळण्याचे ज्ञानही आपलेच होते, ते मेलुकोट्याजवळ अख्ख्या इंग्रजी छावणीने पाहिले. पण बाजार चालता ठेवायला पैसा लागतो, पैशाला वसूल लागतो, आणि वसुलाला पेरणी करून पीक घरी नेईपर्यंत निर्धास्त असलेला शेतकरी लागतो. ही साखळी शेवटच्या कडीपाशी तुटली होती.

बंगळुरात या सगळ्याच्या खुणा अजून आहेत. अक्कीपेटे आणि रागीपेटे नावांनी उरल्या आहेत. भारतीय लष्कराच्या रसद खात्याचे, आर्मी सर्व्हिस कोअरचे, प्रशिक्षण केंद्र याच शहरात आहे. बंजाऱ्यांचे बैल रेल्वे आणि सडका आल्यावर सुटले. कर्नाटकात त्यांच्या वस्त्यांना अजून तांडाच म्हणतात, आणि त्या तांड्यांतली माणसे शहराच्या इमारतींवर मजुरीला येतात. चित्रदुर्ग जिल्ह्यात चळ्ळकेरेजवळचे अमृतमहाल कावल अलीकडच्या काळात संरक्षण संशोधन, अणुसंशोधन आणि अवकाश संशोधनाच्या संस्थांना आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेला दिले गेले. तिथे मेंढरे आणि गुरे चारणाऱ्या गावांनी त्याविरुद्ध हरित न्यायाधिकरणात दाद मागितली. युद्धाच्या तयारीसाठी राखलेले गवत पुन्हा युद्धाच्या तयारीसाठीच गेले, आणि त्या गवतावर जगणाऱ्यांना त्याबद्दल विचारले गेले नाही, अशी त्यांची तक्रार आहे. १७९१ साली बंगळूरभोवती ज्यांच्या गंजी पेटल्या त्यांना दाद मागायला न्यायाधिकरण नव्हते, आणि त्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत.